शब्द कोणी दिला होता? नैतिक प्रश्नाचा विचार आशियाई तत्त्वज्ञानाच्या आधारे कसा करावा

वाईत आमचा सात-आठ जणांचा एक अभ्यासवर्ग आहे. दर रविवारी सकाळी आम्ही एकत्र बसतो, भारत, चीन आणि जपान येथील तत्त्वचिंतकांचे मोजके उतारे वाचतो आणि त्यांच्या आधाराने आपल्यातल्याच कोणाचा तरी एखादा खरा प्रश्न निदान नीट मांडता येतो का, हे पाहतो. असा वर्ग कोणाला आपल्या गावी सुरू करायचा असेल, किंवा एकट्यानेच हा अभ्यास करायचा असेल, तर कोठून सुरुवात करावी आणि कोठे सावध राहावे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. ‘मी काय करावे?’ असे विचारताना आपण ‘काय करावे’ यावरच सारी शक्ती खर्च करतो आणि ‘मी’ हा शब्द न तपासता पुढे जातो. या परंपरा आपल्याला त्या शब्दापाशी थांबवतात आणि तो तपासला की पुढचा प्रश्नही बदलतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न आधी, ग्रंथ नंतर

सुरुवात ग्रंथापासून करू नये. उपनिषदे किंवा पाली सुत्ते (बुद्धाची प्रवचने) पहिल्या पानापासून वाचायला घेतलेले वर्ग दोन महिन्यांत विरळ होतात, हे मी पाहिले आहे, कारण ज्याला काही विचारायचेच नाही त्याला कोणताही ग्रंथ उत्तर देऊ शकत नाही. आधी कोणीतरी एक प्रश्न आणावा, तो स्वतःच्या आयुष्यातला असावा आणि अजून न सुटलेला असावा.

आमच्या वर्गातील एका गृहस्थांचा प्रश्न येथे उदाहरण म्हणून घेतो. कृष्णाकाठच्या एका गावात त्यांची शेती आहे. हळद आणि ऊस ही मुख्य पिके. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या शेजाऱ्याने स्वतःच्या रानातून त्यांना पाइपलाइन नेऊ दिली आणि त्या बदल्यात यांनी शब्द दिला की आपल्या विहिरीच्या पाण्याची दर आठवड्यातील दोन दिवसांची पाळी कायम शेजाऱ्याची राहील. लिहून काहीच ठेवले नाही, सात-बाऱ्यावर कसलीही नोंद झाली नाही. आता मुलाला पुण्यात घर घ्यायचे आहे, त्यासाठी विहिरीसह जमिनीचा तुकडा विकावा लागणार आहे आणि घेणारा ती पाळी मान्य करायला तयार नाही. गृहस्थांनी वहीत लिहिले: ‘बावीस वर्षांपूर्वी मी दिलेला शब्द आज मला बांधतो का? तेव्हाचा मी वेगळा होतो, माझी परिस्थिती वेगळी होती. माझ्या मुलाच्या गरजेपेक्षा शेजाऱ्याची पाळी मोठी मानावी का?’

प्रश्न इतका थोडक्यात लिहून झाला की त्यातील ‘मी’, ‘मला’, ‘माझ्या’ या शब्दांखाली रेघ ओढावी. वरच्या प्रश्नात असे शब्द पाच आहेत. या प्रत्येक ठिकाणी ‘मी’ म्हणजे नेमके काय अभिप्रेत आहे, हे समासात लिहावे: शब्द देणारा, आज निर्णय घेणारा, परिस्थितीत सापडलेला, बाप. एकाच शब्दाने चार वेगळी कामे केली आहेत, हे त्या गृहस्थांना स्वतःलाच प्रथम दिसले, आणि ते दिसेपर्यंत आम्ही एकही ग्रंथ उघडला नव्हता.

पूर्वपक्ष प्रतिपक्ष्याला पटेल असा मांडावा

यानंतर या प्रश्नावर एकमेकांशी भांडणारी दोन मते निवडावीत. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांची रचनाच अशी असते की आधी पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचे खंडन करायचे ते विरोधी मत, मांडायचा, तो प्रतिपक्ष्याने स्वतः मांडला असता त्याहून कमी ताकदीने मांडायचा नाही, आणि मगच सिद्धान्ताकडे वळायचे. वाईच्या वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. प्राज्ञपाठशाळा याच गावातली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी जुन्या शास्त्रांचे शिक्षण घेऊन त्याच शास्त्रांची चिकित्सा केली ती येथेच. आणि ज्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला त्याचे संपादनही येथूनच चालले. त्या विश्वकोशातील दर्शनांवरच्या नोंदी आज घरबसल्या वाचता येतात, आणि नवख्या वाचकाने मूळ ग्रंथाआधी त्या वाचाव्यात असे मी आग्रहाने सांगेन.

‘तेव्हाचा मी वेगळा होतो’ या वाक्यासाठी आम्ही नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) आणि बौद्ध अशी जोडी घेतली. न्यायसूत्रांत आत्म्याच्या बाजूने एक युक्तिवाद आहे, ‘दर्शनस्पर्शनाभ्यामेकार्थग्रहणात्’. जी वस्तू मी डोळ्यांनी पाहिली तिलाच आता मी हाताने स्पर्श करीत आहे, असे आपण ओळखतो. डोळ्याला स्पर्श कळत नाही, हाताला रंग दिसत नाही; तेव्हा दोन्ही ज्ञाने एकत्र आणणारा कोणीतरी या दोहोंहून वेगळा असला पाहिजे. स्मरणाचेही असेच आहे: एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही, म्हणून ज्याला आज आठवते तोच पूर्वी पाहणारा होता. आमच्या गृहस्थांना शब्द दिल्याचा दिवस स्पष्ट आठवतो, विहिरीच्या थारोळ्याशी दोघे उभे होते हेही आठवते. नैयायिक म्हणेल की ही आठवणच तुमच्या विरुद्धची साक्ष आहे.

बौद्धांचे म्हणणे याच्या नेमके उलट. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांपलीकडे ‘मी’ म्हणून वेगळे काही सापडत नाही, आणि हे पाचही क्षणोक्षणी बदलत असतात. मग आजच्या माणसाने कालच्या माणसाच्या शब्दाला का जागावे? हाच आक्षेप दुसऱ्या रूपात इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे पाली परंपरेतला मिलिंद, याच्या तोंडी येतो. मरणारे नामरूप (मन आणि शरीर) एक आणि जन्मणारे दुसरे असेल, तर माणूस आपल्या पापातून सुटला नाही का, असे तो भिक्षू नागसेनाला विचारतो. नागसेन आंब्याचा दृष्टान्त देतो. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले आणि पकडल्यावर तो म्हणाला की या माणसाने लावलेले आंबे वेगळे होते, मी घेतलेले वेगळे आहेत. तो सुटेल का? राजाच म्हणतो, सुटणार नाही, कारण हे आंबे त्या आंब्यांमुळेच आले. मूळ दृष्टान्त पुनर्जन्माच्या संदर्भातला आहे. तो एकाच आयुष्यातल्या शब्दाला लावणे ही आमची जोड होती. अशी जोड देताना ती आपली आहे, ग्रंथाची नव्हे, हे वहीत स्पष्ट लिहावे.

आमच्या गृहस्थांना मात्र ती जोड फार अचूक बसली. बावीस वर्षे त्या पाइपलाइनीच्या पाण्यावर ऊस निघाला, त्या उसाच्या पैशावर मुलगा शिकला, आणि त्याच मुलाच्या घरासाठी आता विहीर विकायची आहे. आजचा ‘मी’ वेगळा आहे असे मानले तरी तो त्या शब्दापासूनच उगवलेला आहे. आत्मा मानणारा आणि आत्मा नाकारणारा, दोघेही ही पळवाट अडवून सारखेच उभे राहिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘मी’विषयीचे दोन विरोधी सिद्धान्त कोठे एकत्र येतात आणि कोठे फुटतात, हे पाहिल्यावाचून कोणता सिद्धान्त आपल्याला आवडतो हे ठरवू नये.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

मराठी वाचकासाठी या अभ्यासातील मोठा धोका त्याच्या भाषेतच आहे. इंग्रजी वाचकाला ‘वेदना’ हा शब्द परका असतो, म्हणून तो त्याचा अर्थ शोधतो; आपल्याला तो ओळखीचा असतो, म्हणून आपण शोधत नाही. बौद्ध परिभाषेत वेदना म्हणजे दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली अशी कोणतीही अनुभूती म्हणजे वेदना. तेथील ‘विज्ञान’ म्हणजे जाणीव, प्रयोगशाळेतले शास्त्र नव्हे. ‘संस्कार’ म्हणजे आईवडिलांनी लावलेले वळण एवढेच नव्हे, तर कृतीकडे ढकलणाऱ्या मनातील घडणी. सांख्य दर्शनातला ‘अहंकार’ हे तत्त्व आहे, ताठा हा दुर्गुण नव्हे. आणि ‘धर्म’ या एका शब्दाचे अर्थ मोजायला बसलो तर एक रविवार पुरत नाही.

म्हणून वहीची शेवटची दहा पाने शब्दांसाठी राखून ठेवावीत. प्रत्येक शब्दापुढे तो आपण घरात कोणत्या अर्थाने वापरतो आणि या ग्रंथकाराने कोणत्या अर्थाने वापरला आहे, असे दोन रकाने करावेत. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते टाळले की चर्चा अडखळते. आमच्या वर्गात ‘अनात्म’ शब्दावर एकदा तासभर वाद झाला आणि शेवटी लक्षात आले की निम्मे लोक ‘आत्मा’ म्हणजे मेल्यावर उरणारे काहीतरी असे समजत होते, तर उरलेले निम्मे आठवण ठेवणाऱ्याविषयी बोलत होते.

‘माझे’ सैल करणारा विचार आणि त्याची मर्यादा

बौद्ध विचार ‘मी’पाशी थांबत नाही, तो ‘माझे’पर्यंत जातो. आठव्या शतकातील शांतिदेव आपल्या बोधिचर्यावताराच्या आठव्या परिच्छेदात विचारतो की पायाचे दुःख हाताचे नसते, मग हात पायाला का जपतो? एकाच शरीराचे अवयव म्हणून, असे कोणी म्हणेल, तर शरीर तरी काय आहे? क्षणांची मालिका आणि अवयवांचा समूह ही रांग किंवा सेना यांच्यासारखी, केवळ म्हणण्यापुरती आहेत. मग तो लिहितो, ‘अस्वामिकानि दुःखानि सर्वाण्येवाविशेषतः’. दुःखांना मालक नाही. ती दुःखे आहेत एवढ्याचसाठी दूर केली पाहिजेत, त्यात माझी आणि तुझी असा भेद कशाच्या बळावर करायचा?

रांगेचा दृष्टान्त आम्ही ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीवर तपासला, कारण लोणंद, तरडगाव, फलटण हा तिचा मार्ग आमच्याच जिल्ह्यातून जातो. दिंडी म्हणजे काय? पताकावाला, विणेकरी, टाळकरी, तुळस घेतलेल्या बाया. यांतला प्रत्येक जण बाजूला काढला तर दिंडी नावाचे काही उरत नाही. तरीही दिंडीला क्रमांक असतो, मान असतो, मुक्काम असतो, आणि दिंडीने मान्य केलेला नियम पुढच्या वर्षी नव्याने आलेला वारकरीही पाळतो. मला वाटते, शांतिदेवाची ताकद आणि त्याची अडचण ही दोन्ही या एका उदाहरणात दिसतात. जी मालिका ‘म्हणण्यापुरती’ आहे असे तो म्हणतो, तिच्याच आधारे नागसेनाने आंबेचोराला धरले होते. मालिका खोटी असेल तर शब्द दिला कोणी?

बौद्धांचे उत्तर दोन सत्यांचे आहे: व्यवहाराच्या पातळीवरचे संवृतिसत्य आणि अंतिम पातळीवरचे परमार्थसत्य. माझे स्वतःचे मत असे झाले आहे की शब्द, करार, पाळी या गोष्टींचा निवाडा संवृतीच्या पातळीवरच करावा आणि शांतिदेवाला आपल्या मनाची मूठ सैल करण्याच्या कामी बोलवावे. ‘सगळेच अस्वामिक आहे, मग शेजाऱ्याची पाळी तरी त्याची कशी?’ असे म्हणून जो शब्द मोडू पाहतो त्याने शांतिदेव उलटा धरला आहे, कारण शांतिदेव ज्याचे ‘माझे’ सोडायला सांगतो तो ऐकणारा आहे, शेजारी नव्हे. हे मत सर्वांना पटले नाही. वर्गातील दोघे अजूनही म्हणतात की मी अडचण मिटवली नाही, फक्त दोन खोल्यांत वाटून ठेवली. त्यांचा आक्षेप वहीत तसाच नोंदवला आहे.

नात्यांतला ‘मी’

प्रश्नातला शेवटचा भाग मुलाचा होता आणि तेथे आम्ही चीनकडे वळलो. कन्फ्यूशियसच्या (इ. स. पू. ५५१ ते ४७९) संवादांत एक प्रसंग आहे. शे येथील एक सरदार अभिमानाने सांगतो की आमच्याकडचा सरळ माणूस असा, की बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडचा सरळपणा वेगळा आहे. बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो, आणि सरळपणा त्यातच असतो. हा उतारा वाचताना पहिल्या दिवशी बहुतेकांना राग येतो. तो येऊ द्यावा, पण त्या रागात पान उलटू नये. चोरी चांगली असे तेथे म्हटलेले नाही. माणूस आधी एकटा, सुटा असतो आणि मागाहून मुलगा होतो हे गृहीतक नाकारलेले आहे. मुलगा, शेजारी, भाऊबंद ही नाती अंगरख्यासारखी वरून चढवलेली नसतात, त्यांतूनच तो ‘मी’ घडलेला असतो.

याच्या जोडीला चिनी तत्त्वचिंतक मोझीला वाचावे. त्याचा आग्रह असा की स्वतःच्या घराविषयी जितकी काळजी वाटते तितकीच दुसऱ्याच्या घराविषयी वाटावी, कारण जगातील कलह आपपरभावातूनच उपजतात. आणि मग कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या मेन्शियसला वाचावे, जो मोझीचा कडवा विरोधक असूनही परक्याच्या मुलापासूनच सुरुवात करतो. विहिरीत पडू पाहणारे मूल अचानक दिसले तर कोणाच्याही काळजात चर्र होते. त्याच्या आईबापांची मर्जी मिळवायची असते म्हणून नव्हे, गावात नाव व्हावे म्हणूनही नव्हे. या भावनेला तो करुणेचा कोंभ म्हणतो. विहिरींच्या मुलखात हे उदाहरण समजावून सांगावे लागत नाही. मेन्शियसच्याच ग्रंथात सोंग राज्यातील एका शेतकऱ्याचीही गोष्ट आहे, ज्याने रोपे लवकर वाढावीत म्हणून ती हाताने वर ओढली आणि सारे पीक वाळले. वर्ग चालवणाऱ्याने ही गोष्ट स्वतःसाठी लक्षात ठेवावी. ज्याचा प्रश्न आहे त्याला निर्णयाकडे ओढू नये.

नात्यांतून घडलेल्या ‘मी’ची कल्पना मला मनापासून जवळची वाटते, आणि म्हणूनच तिच्यातील धोका मोठ्याने सांगणे मला आवश्यक वाटते. नाते आणि स्थान कोण ठरवतो? बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव येथील शाळेत दाखल झाले. १९०१ मध्ये भाऊ आणि भाच्यांसह वडिलांकडे जाताना ते मसूर स्थानकावर उतरले, तेव्हा स्वच्छ कपड्यांतली ही मुले पाहून स्थानकप्रमुखाने त्यांची आपुलकीने चौकशी केली, आणि आपण महार आहोत असे मुलाने सांगताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. त्या रात्री त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. मुले तीच होती, एका शब्दाआधीही आणि नंतरही. बदलले होते ते दुसऱ्याने त्यांना दिलेले स्थान. ज्या विचारात ‘मी’ केवळ इतरांनी दिलेल्या स्थानावरून ठरतो, त्या विचाराला मसूरच्या प्रसंगाचे उत्तर द्यावेच लागेल.

याच बाबासाहेबांनी पुढे आत्मा नाकारणारा बुद्ध स्वीकारला आणि धम्माचे स्थान माणसामाणसांतील संबंधात ठेवले: माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोघे एकत्र राहू लागले की आहे. जपानी तत्त्वज्ञ वात्सुजी तेत्सुरो (१८८९ ते १९६०) हेही नीतीचे ठिकाण माणसांच्या ‘मधल्या’ जागेतच शोधतात. त्यांच्या भाषेतला माणसासाठीचा ‘निंगेन’ हा शब्दच ‘माणूस’ आणि ‘मधले अंतर’ अशा दोन चिन्हांनी लिहिला जातो. या दोघांना शेजारी ठेवून वाचावे, पण ते एकच सांगतात असे मात्र म्हणू नये. बाबासाहेबांच्या ‘मधल्या’ जागेत समतेची अट आहे आणि ती अट काढून घेतली तर मसूरचे स्थानकसुद्धा एक ‘मधली जागा’च ठरते. ‘शेवटी सर्व दर्शने एकच सांगतात’ हे वाक्य आमच्या वर्गात वर्ज्य आहे. ते ऐकायला उदार वाटते, परंतु ज्यांनी आयुष्यभर एकमेकांशी कसून वाद घातला त्यांचे म्हणणे न ऐकण्याचा तो सभ्य मार्ग आहे.

प्रश्न पुन्हा लिहावा

साधारण सहा ते आठ बैठका झाल्यावर मूळ प्रश्न न पाहता तो पुन्हा लिहायला सांगावा आणि मग दोन्ही पाने शेजारी ठेवावीत. निर्णय झाला की नाही, यापेक्षा प्रश्नातले शब्द किती हलले, हे पाहावे. आमच्या गृहस्थांनी दुसऱ्यांदा लिहिले: ‘शेजाऱ्याच्या रानातून आलेल्या पाण्यावर आमचे घर वाढले. आता विहीर विकायची असेल तर त्याच्या पाळीची सोय काय, हे ठरवायला त्याला आणि मुलाला एकत्र कधी बसवावे?’ शब्द बांधतो का, हा प्रश्न त्यात नव्हता, कारण तो त्यांच्यापुरता मिटला होता. आणि ज्या शेजाऱ्याला पहिल्या पानावर केवळ पाळीपुरती जागा होती, तो आता बोलणारा माणूस म्हणून त्या पानावर आला होता.

पुढच्या रविवारी ते शेजाऱ्याकडे जाऊन आले होते. शेजाऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि सांगितले की त्याच्या आठवणीप्रमाणे शब्द ‘कायम’चा नव्हता, ‘आपण दोघे आहोत तोवर’ असा होता. थारोळ्यावर उभे असल्याचे मात्र त्यालाही आठवते. स्मरणावर उभा असलेला नैयायिकांचा युक्तिवाद एकाच घटनेच्या दोन भिन्न आठवणींपुढे कसा टिकतो, हा आमच्या वहीतला नवा प्रश्न आहे, आणि त्यासाठी न्यायसूत्रांचा तिसरा अध्याय आम्ही आता सुरुवातीपासून वाचायला घेतला आहे.